निळ्या पायांची ताई

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी भाऊजींचा लातूरहून फोन आला, तेव्हा मी नांदेडच्या घरी पाणी येण्याची वाट बघत बादल्या ओळीनं लावत होते. "सुमन, ताई गेली," एवढंच ते म्हणाले आणि मग बराच वेळ फोनमधून नुसता त्यांच्या पंख्याचा आवाज येत राहिला... मी "निघते" म्हटलं, फोन ठेवला आणि सवयीनं एक पाठकोरा कागद घेऊन यादी करायला बसले. कुणाकुणाला कळवायचं, बस कितीची, घराची किल्ली कुणाकडे ठेवायची. सहा ओळी झरझर झाल्या. सातव्या ओळीला 'आंघोळ' असं लिहिलं आणि पेन थांबलं. आमच्यात शेवटची आंघोळ घरातल्या बायका घालतात, आणि आई गेल्यापासून ताईच्या माहेरची बाई म्हणजे मी एकटीच. रडू तोवर आलं नव्हतं. आधी भीतीच आली होती. ताईच्या दोन्ही पायांवर घोट्यापासून बोटांपर्यंत कोडाचे पांढरे डाग होते, आणि त्या डागांना हात लावायला मी गेली तीस वर्षं घाबरत आले होते. सख्ख्या बहिणीच्या पायांना. हे मी ताईखेरीज कुणाजवळ बोललेले नाही. आज तिला जाऊन पाच आठवडे झाले. तिच्याबद्दल लिहायचं तर हे वगळून लिहिता येणार नाही, म्हणून पहिल्या परिच्छेदातच सांगून टाकते.

आम्ही निलंग्याच्या. अप्पांचं कापडाचं दुकान होतं, पुढं दुकान आणि मागं घर. ताईचं नाव गिरिजा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दुकानात नव्या साड्यांचे गठ्ठे आले की ते मोजून वहीत मांडायचं काम माझ्याकडे असे. तेव्हापासूनच मला याद्यांची खोड लागली आणि ताई मला 'यादीबाई' म्हणायला लागली. ताईला मात्र कापडात रस नव्हता. ती लातूरला होस्टेलवर राहून प्राणिशास्त्र शिकली, आणि त्यातही तिचा जीव जडला तो समुद्रपक्ष्यांवर. आमच्या घरात तोवर कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता. नांदेडच्या एका रद्दीवाल्याकडं तिला एक जुनं परदेशी मासिक मिळालं होतं. त्यात एका पक्ष्याचे पानभर फोटो होते. अंगानं मळकट तपकिरी, पण पाय असे निळे की कुणी नुकतेच निळीच्या बादलीत बुडवून काढलेत. सुट्टीला आली की ती ते मासिक माझ्यासमोर उघडायची. "हा नर बघ. एकेक पाय वर उचलून तिला दाखवायलाय. ती बघती, आणि मग ती ठरवती." मी विचारायची, "आणि तिला न्हाई आवडला तर?" "तर दुसऱ्याचे बघती. त्याला काय, तो पुन्हा उचलतो पाय." दुसरा एक पक्षी होता, पफिन नावाचा. लग्नाच्या हंगामात त्याच्या चोचीवर लाल, पिवळी, निळसर अशी रंगीत कवचं चढतात आणि हंगाम संपला की गळून पडतात. ताईला त्यातली एक गोष्ट फार आवडायची, ती म्हणजे तिथं नर आणि मादी दोघंही सारखेच नटतात. "दोघं नटतेत, दोघं बघतेत. एकानं नुसतं पाटावर बसायचं आणि दुसऱ्यानं पोहे खात बघायचं, असं न्हाई," ती म्हणायची आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "गिरिजे, पाखरांची लग्नं लावून झाली असली तर भाकरी बघ!"

ताईच्या उजव्या पायाच्या अंगठ्यापाशी पहिला डाग दिसला तो ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना. तांदळाएवढा. मग रुपयाएवढा. मग दुसऱ्या पायावर. आईनं बावचीचं तेल आणलं, उदगीरच्या एका वैद्यांचा लेप आणला, शेवटी एका सोमवारी देवापुढं बसून नुसती रडली. घरात 'कोड' हा शब्द कुणी उच्चारायचं नाही असं ठरलं. कुणी ठरवलं ते माहीत नाही, पण ठरलं. ताई उन्हाळ्यातही मोजे घालायला लागली. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, आणि माझ्या मनात जे चाललं होतं ते फार चांगलं नव्हतं. ताईचं कसं होणार हा विचार यायचा, नाही असं नाही, पण त्याच्या पाठोपाठ लगेच, तिचं जमलं नाही तर माझं कसं होणार हा विचार यायचा. आणि त्याहून खोल एक तिसरा. हे मला होईल का? मी रोज रात्रीच्या जेवणाआधी न्हाणीघरात कडी लावून आरशाचा तुकडा हातात धरून स्वतःचे पाय, कोपरं, मान तपासायची. तिचा टॉवेल माझ्या टॉवेलाशेजारी वाळत असला की मी माझा काढून दुसऱ्या टोकाला घालायची. ताईनं मला दोनदा समजावून सांगितलं होतं की हे लागत नाही, त्वचेतला रंग बनवणाऱ्या पेशीच मरतात, स्पर्शाचा संबंध नाही. मला समजलं होतं. पण समजलं म्हणून माझे हात ऐकत नव्हते.

लातूर उस्मानाबादेतून वेगळं होऊन नवा जिल्हा झाल्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. रोज नवीन कचेरीची पाटी लागायची, कॉलेजातही जागा निघत होत्या, आणि ताईला प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत हंगामी जागा मिळाली होती. त्याच वर्षी पाऊस गेला. विहिरीच्या तळाशी चिखल उरला आणि निलंग्यात घागरींच्या रांगा लागायला लागल्या. अशा त्या कोरड्या चैत्रात अर्धापूरहून एक स्थळ आलं. मुलगा शाळेत शिक्षक, घरची केळीची बाग, नाव मल्लिकार्जुन. अप्पांनी बघायला या म्हणून कळवलं आणि आई मला म्हणाली, "सुमे, पायांचं काय करायचं?" मोजे घालून मुलगी दाखवता येत नाही. तेव्हा मीच म्हणाले, "रंग देऊ."

ही कल्पना माझी होती. तीस वर्षांत मी ती आईवर, अप्पांवर, काळावर ढकलून पाहिली आहे, पण ती माझीच होती. जखमेला लावतो ते टिंचर आयोडीन. एक हात दिला तर पिवळट दिसतं, तीन हात दिले तर अगदी आमच्या अंगाच्या रंगाशी मिळतं. मी आधी एका डागावर करून पाहिलं. ताईचा पाय पाटावर ठेवला, मी काडीला कापूस गुंडाळला आणि लांबून, बोट लागू न देता, रंगवायला लागले. "झोंबतंय का गं?" "झोंबतंय," ती म्हणाली. "पण सुमे, हे कशाला करायलोत आपण? लग्नानंतर मी रोज पाय रंगवत बसू का?" "नंतरचं नंतर. आधी हो तर म्हणू दे." मी पाहुण्यांच्या दिवसाची यादी केली. तेवीस ओळींची. तिच्या वेणीतल्या गजऱ्यापासून पाहुण्यांच्या परतीच्या बसपर्यंत सगळं तीत होतं. आयोडीन पाहुणे यायच्या अर्धा तास आधी लावायचं, कारण जास्त वेळ गेला तर रंग उडतो, हेसुद्धा होतं.

साडी अप्पांनी दुकानातलीच काढली, कोरी सुती, फिकट पिवळी. एरवी आई कोरी साडी एकदा पाण्यातून काढल्याशिवाय आम्हाला नेसू द्यायची नाही, कारण दुकानातल्या सुती साडीला पुठ्ठ्यासारखी खळ असते. पण त्या आठवड्यात पिण्याचं पाणी पुरत नव्हतं, साडी धुवायची कशानं? ताई खळीसकट नेसली. चालली की साडी कागदासारखी करकर वाजायची.

मुलगा, त्याची आत्या आणि एक काका असे तिघं आले. आत्या घरातली मोठी, आवाज खणखणीत. "बस बाई. नाव सांग. कॉलेजात काय करून राहिलीस म्हने तू? बेडकं कापतीस?" ताई म्हणाली, "मी न्हाई, विद्यार्थी कापतेत. मी बेडूक पुरवते." काका हसले. मुलगा खाली बघून हसला. "चालून दाखव जरा," आत्या म्हणाली. ताई दारापर्यंत गेली आणि परत आली, करकर करकर. दाराआड उभी राहून मी तिच्या पायांकडं बघत होते. पाय छान दिसत होते. माझं काम छान झालं होतं, आणि तरी मी दाराची कडी घट्ट धरून उभी होते. आत्यानं काकांकडं पाहिलं, काकांनी मान हलवली, मुलानंही हलवली. आणि आत्या उठली. "आमच्यात पसंत पडली की पोरीच्या पायावर पानी घालून कुंकू लावतेत. एक फुलपात्रच आना बाई, दुष्काळ हाय, लई नको." हे माझ्या यादीत नव्हतं. आई पाणी घेऊन आली. पाण्यानं आयोडीन लगेच निघत नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी जरा श्वास सोडला. आत्यानं ताईच्या पावलांवर पाणी ओतलं, ओला झालेला साडीचा काठ पायाला चिकटला, आणि आत्या कुंकवाच्या करंड्याकडं वळली. परत वळली तेव्हा ताईचे पाय निळे व्हायला लागले होते.

शाळेत पाचवी-सहावीलाच हा प्रयोग असतो. बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकला की पिष्ट असल्यामुळं ती निळी-काळी होते. ताईनं तो मला स्वतः करून दाखवला होता. खळ म्हणजे पिष्टच. घरात एक प्राणिशास्त्राची पदवीधर आणि एक यादी करणारी असताना दोघींपैकी एकीलाही हे सुचलं नाही. साडीचा पिवळा काठ शाई सांडल्यासारखा झाला, आणि तो जिथं जिथं चिकटला होता तिथं तिथं पावलांवर निळी वर्तुळं उमटली. "अगं बाई, हे काय! पाय निळे कामून पडायलेत? साप चावला का काय हिला?" आत्या ओरडली. आई म्हणाली, "शाई... शाई सांडली असंल." आणि ताई हसायला लागली. आधी हळू, मग खांदे हलेपर्यंत. तिनं साडी जरा वर धरली, स्वतःच्या पायांकडं पाहिलं, आणि खरंच सांगते, तिनं एक पाय किंचित उचलला. ती कशाला हसतेय हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं, आणि मला हसू येत नव्हतं, मला वाटत होतं जमीन फाटावी. मग हसणं थांबवून ती सरळ आत्याला म्हणाली, "शाई न्हाई. मला कोड आहे. दोन्ही पायांवर. तुम्हाला दिसू नये म्हणून रंग लावला होता. चुकलं आमचं."

आत्याच्या बोटावर कुंकू तसंच होतं. ती म्हणाली, "हात धुवायला पानी द्या." ज्या बाईनं पाय धुवायला फुलपात्रभरच पाणी मागितलं होतं ती आता अंगणात जाऊन हात पुढं करून उभी राहिली. घरात पिण्याची एक घागर उरली होती. ती मी आणली आणि ओतत राहिले. तिनं दोनदा धुतले, कोपरापर्यंत. मुलगा दारात उभा होता. काही बोलला नाही. ते गेल्यावर अप्पा दुकानात जाऊन बसले, आई कोपऱ्यात... आणि मी मागच्या अंगणात गेले. आत्याची मला चीड आली होती. पण कापसाची काडी धरलेले हात माझे होते. पाणी संपलं होतं, म्हणून मी मातीनं घासून घासून हात धुतले. उठून वळले तर ताई मागच्या दारात उभी होती. "उरलेला चहा गरम केलाय" म्हणाली आणि आत गेली.

जूनमध्ये अकरावीला मला लातूरला घालायचं ठरलं होतं, म्हणून महिनाभर आधीच मी ताईच्या भाड्याच्या खोलीवर राहायला गेले. ती आता मोजे घालत नव्हती. साध्या चपला घालून, पांढरे डाग उघडे टाकून, ती बाजारातून चालायची आणि तिच्या दोन पावलं मागं मी, लोक कुठं बघतात ते बघत. एका रविवारी दारावर थाप पडली. दारात मल्लिकार्जुन, हातात कापडी पिशवी. "त्या दिवशी मी काही बोललो न्हाई, ते चुकलं," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "आत्याला मी सांगितलंय. तुमची हरकत नसली तर..." ताईनं त्याला बसू दिलं नाही. "तुम्ही माझे पाय बघितले. आता तुमचे दाखवा." "आं?" "चपला काढा. चालून दाखवा." मला वाटलं हा आता निघून जातो. पण तो खरंच चपला काढून त्या दहा फुटी खोलीत भिंतीपर्यंत चालत गेला आणि परत आला. टाचा भेगाळलेल्या, एका बोटाचं नख काळं. "बागेत दगड पडला होता," तो म्हणाला. "बरं," ताई म्हणाली, "विचार करून सांगते," आणि मला तिच्याकडं बघवेना, इतकी ती गंभीर होती.

विचार करायला तिनं तीन रविवार घेतले. त्या उन्हाळ्यात मांजरा नदीचं पात्र आटून मधे वाळूची बेटं उघडी पडली होती आणि त्यांवर नदी सुरय नावाच्या पक्ष्यांनी अंडी घालायला जागा धरली होती. समुद्रावरच्या सुरयांचे हे गोड्या पाण्यातले भाऊबंद, काळी टोपी, लाल पाय आणि हंगामात हळदीसारखी पिवळीजर्द होणारी चोच. ताई दर रविवारी एस.टी.नं तिकडं जायची, वही घेऊन. आता तिच्यासोबत मल्लिकार्जुन असायचा आणि सोबतीला मी. कुणी ओळखीचं बघेल म्हणून मी सारखी रस्त्याकडं नजर ठेवून असायची. नर चोचीत मासळी घेऊन मादीपुढं उतरायचा, मान ताठ करून तिच्याभोवती पावलं टाकायचा. कधी ती घ्यायची, कधी तोंड फिरवायची. "मासा लहान आणला की असं होतं," ताई दुर्बिणीतून बघत म्हणाली. "अंड्यांवर बसल्यावर हाच आणून घालणार आहे ना, मग आधीच बघून घेती." मल्लिकार्जुननं पिशवीतून केळ्यांची एक मोठी फणी काढून आमच्या मधे वाळूवर ठेवली. "मासा खात न्हाईत आपन," तो म्हणाला. "आमच्या बागंतली ह्या सालाची ही एवढीच धरलीत." ताईनं दुर्बीण खाली ठेवली, एक केळं तोडलं, सोललं, अर्धं त्याला दिलं. मला वाटतं लग्न तिथंच ठरलं. अप्पांना नुसतं कळवलं गेलं.

पुढं ताई एम.एस्सी. झाली, लातूरच्याच कॉलेजात कायम झाली, मल्लिकार्जुन भाऊजी बदली करून आले, एक मुलगा झाला. ती आणि भाऊजी एकदा कोकणात जाऊन समुद्रही बघून आले. मला पत्र आलं, 'समुद्र बराच मोठा आहे, तुझ्या यादीत मावणार नाही.' लोकांना ती आठवते ती अशी, हसणारी, विद्यार्थ्यांना उन्हात हिंडवणारी. माझ्या आठवणी तिच्यासारख्या स्वच्छ नाहीत. माझं लग्न झालं, मी नांदेडला आले, कचेरीत लागले, आणि भीती माझ्याबरोबर आली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी स्वतःची तपासणी करायची आणि छोट्या डायरीत बरोबरची खूण करायची. तशा डायऱ्या कपाटात अजून आहेत. ताई येणार असली की तिच्यासाठी एक स्टीलचा ग्लास वेगळा काढून ठेवायची, तळाला ठिपका कोरलेला. माझी मुलगी झाली तेव्हा ताई पहाटेच्या बसनं आली. मी बाळाला हातापायांसकट कापडात असं गुंडाळून तिच्या मांडीवर ठेवलं की नुसतं नाक दिसत होतं. वैशाख होता. ताईनं बाळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाली, "हात तरी बाहेर काढ गं तिचे. घामाघूम झालीय." मी काढले.

एकदा, फक्त एकदा, ती बोलली. माझ्याच स्वयंपाकघरात. "ठिपक्याचा ग्लास माझा, ठाऊक आहे मला." मी ओट्याकडं तोंड करून उभी राहिले. "शास्त्र सांगू का पुन्हा?" "नको. ठाऊक आहे." "मग?" "भीती वाटते, ताई." मग ती म्हणाली, "वाटू दे. पण पाणी दे आधी, त्याच ग्लासात दे, उन्हातून आलेय मी." मी पाणी दिलं. तिनं ते गटागटा पिऊन ग्लास स्वतः धुतला आणि पालथा घातला. त्यानंतरही मी तो ग्लास फेकला नाही की बाकीच्यांत मिसळला नाही.

जाण्याआधी तीन आठवडे मी तिला भेटले ते शेवटचं. हृदय थकलं होतं, पायांवर सूज यायची. लातुरात तेव्हा पुन्हा तेच दिवस आले होते, नळ कोरडे, गल्लीत टँकर, दारात पिंपांची रांग. ती पलंगावर पाय पसरून बसली होती आणि मला पक्ष्यांचंच सांगत होती. त्या निळ्या पायांच्या पक्ष्याला दोन दिवस खायला मिळालं नाही तर त्याच्या पायांचा रंग फिका पडतो, असं आता कळलं आहे म्हणाली, आणि मादीला ते लगेच दिसतं. "लपवायची सोयच न्हाई त्याला. बरंय ना? माझ्यासारखा टिंचरचा उद्योग तर करता येत न्हाई." मी हसले. मग ती म्हणाली, "सुमे, पाय लई जड झालेत. जरा चेपतीस का?" सुजेनं ताणलेली कातडी, आणि आता घोट्याच्या वरपर्यंत चढलेला तो पांढरा रंग. मी पलंगापासून एक हात अंतरावर होते. मी घड्याळाकडं पाहिलं आणि म्हटलं, "साडेचारची बस चुकेल गं." "हाव, मग जा," ती म्हणाली. "चेपतील तुझे भाऊजी." मला बस होती, पण त्यानंतर अर्ध्या तासानं दुसरीही होती. दोन्हींच्या वेळा माझ्या पर्समधल्या कागदावर लिहिलेल्या होत्या.

गेल्यावर तिच्या आंघोळीला तीन बादल्या पाणी शेजाऱ्यांनी आपापल्या पिंपातून दिलं. आमच्यात देह बसवून नेतात. ताईला भिंतीला टेकवून बसवलं, तिच्या जावेनं आणि शेजारच्या दोघींनी आंघोळ घातली, कपाळाला विभूती लावली. जाऊ म्हणाली, "सुमनताई, पायांवर तुम्ही घाला." मी दाराशी उभी होते, हातात कागद होता. म्हटलं, "तुम्हीच घाला, मी विधीच्या जंगमांना फोन लावते." फोन आधीच लावून झाला होता. बाहेर अंगणात येऊन मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, आणि मला पहिल्यांदा कळलं की मला कोडाची जेवढी भीती वाटत होती त्याहून कितीतरी जास्त आता माझी स्वतःची वाटतेय. ताई असती तर तिला विचारलं असतं, याला काय करायचं म्हणून. तीच आत बसलेली होती.

गेल्या आठवड्यात भाऊजींकडं आठ दिवसांसाठी गेले होते. कपाटं आवरायची होती, कागदपत्रं लावायची होती. भाचा पुण्याला परत गेलेला. कागदपत्रांच्या याद्या चांगल्या होत होत्या. मंगळवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला आणि शेजारीण ओरडली, "अवं सुमनताई, पळा! नंबर जाईल!" मी दोन घागरी उचलल्या, दारातल्या चपलांत पाय घातले आणि पळत सुटले. रांगेत जाऊन उभी राहिले, घागरी खाली ठेवल्या, तेव्हा पायांखाली काहीतरी वेगळं लागलं. रबराच्या, करड्या, झिजलेल्या चपला. टाचेपाशी उजवीकडं जास्त झिजलेल्या, कारण ताई पाय जरा बाहेर टाकून चालायची. अंगठ्याच्या जागी खोल खड्डा, मग लहान होत गेलेले चार खड्डे. माझी बोटं त्यांत जाऊन बसली होती, एकेक आपापल्या जागी. ज्या पायांना मी कधी हात लावला नाही त्यांचा आकार माझ्या तळव्यांना लागत होता. ऊन चढलं होतं. चपला काढून अनवाणी उभं राहता आलं असतं. डांबर तापलं होतं, पण राहता आलं असतं. मागची बाई म्हणाली, "सरका की पुढं." मी दोन्ही घागरी उचलल्या आणि चपलांसकट पुढं सरकले.